मढवी बाईंचा पैलवान

मढवी बाई शाळेत येताना दोन डबे आणतात. एकात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असते. दुसऱ्यात अडतीस मुलं असतात.

पहिल्या डब्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसरा डबा मूळचा त्यांच्या भाच्याच्या प्रोटीन पावडरीचा. काळा, छोट्या बादलीएवढा, आणि त्यावर एक उघडाबंब माणूस दंड फुगवून उभा. आत कुल्फीच्या अडतीस काड्या, धुऊन वाळवलेल्या, प्रत्येकीवर सातवी ब मधल्या एकेका मुलाचं नाव. बाईंनी फळ्यावर गणित घातलं की कोणी हात वर करायचा नाही. बाई डबा खुळखुळवतात, डोळे मिटून एक काडी काढतात आणि जे नाव निघेल त्याने उत्तर द्यायचं. मुलं या डब्याला पैलवान म्हणतात. मधल्या सुट्टीत नळाजवळ उभं राहिलं की ऐकू येतं, "आज पैलवानाने मला दोनदा बोलावलेलं." आमची शाळा कल्याण पूर्वेला आहे, मराठी माध्यमाची, कशीबशी तग धरून असलेली, आणि तिथे गेली चार वर्षं अपूर्णांक शिकवण्याचं काम एका अर्ध्या उघड्या माणसाच्या देखरेखीखाली चाललेलं आहे.

मी लेले. सातवी अ ला गणित शिकवतो, राहायला डोंबिवलीत. लहानपणी मी पहिल्या बाकावरचा. प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात वर असायचा, कधी कधी तर प्रश्न सुरू व्हायच्या आत. त्यामुळे हा काड्यांचा कारभार मला पहिल्या दिवसापासून खुपला. ज्याला येतं त्याला गप्प बसवायचं आणि ज्याला येत नाही त्याला उभं करायचं, ही कुठली रीत? मी एकदा बाईंना तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "सर, ज्याला येतं त्याला येतंच ना. मग परत परत विचारायचं कशाला?" यावर मला काही सुचलं नाही. आणि सुचेपर्यंत त्या माझ्यासमोर तशाच उभ्या राहिल्या.

हे उभं राहणं त्यांची दुसरी खोड. प्रश्न विचारला की बाई मनात सात आकडे मोजतात, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत. तेवढ्या वेळात त्या स्वतः बोलत नाहीत आणि दुसऱ्यालाही मध्ये बोलू देत नाहीत. "घाई कोणाला आहे?" हे त्यांचं पालुपद. वर्गात ठीक आहे, पोरांना विचार करायला वेळ मिळतो. पण बाई ही सवय वर्गाच्या दाराशी काढून ठेवत नाहीत. सकाळी त्या विचारतात, "कसे आहात, सर?" आपण म्हणतो, "मस्त." बाई जागच्या हलत नाहीत. आपल्या तोंडाकडे मायेने बघत राहतात. दोनपर्यंत आपण हसतो. चारपर्यंत म्हणतो की तसं जरा पित्त झालंय. पहिल्या वर्षी तर सातपर्यंत मी त्यांना माझ्या मेव्हण्याचं सगळं प्रकरण सांगून बसलो होतो, जे मी घरातसुद्धा कोणाजवळ काढलं नव्हतं.

एकदा त्यांच्याबरोबर बाजारात गेलो होतो. भेंडी ताजी आहे का, असं बाईंनी विचारलं. एकदम ताजी, असं भाजीवाला म्हणाला. बाई थांबल्या. भाजीवाल्याने पाणी शिंपडलं, वजनं उगाच इकडची तिकडे केली, शेजारच्या कांदेवाल्याकडे बघितलं आणि शेवटी पडेल आवाजात म्हणाला, "कालची आहे, ताई. गवार घ्या तुम्ही." विठ्ठलवाडीला येणार नाही असं ठणकावून सांगणारे रिक्षावाले बाईंच्या पाचव्या आकड्याला मान खाली घालून "बसा" म्हणताना मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पोलिसांनी बाईंना बोलावून न्यावं, असं मला फार वाटतं.

बाई इथल्याच, शीळफाट्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावातल्या. ज्या जागी त्यांचं भाताचं शेत होतं तिथे आता पाच मजली इमारत आहे, वडिलांच्या नावाची. चार मजल्यांवर चार भाऊ, पाचव्यावर बाई आणि पाण्याची टाकी. भावांच्या गाड्या अशा की आमच्या शाळेच्या मैदानात लावल्या तर कवायत रद्द करावी लागेल. बाईंनी लग्न केलेलं नाही. पगाराची त्यांना गरज नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. धाकटा भाऊ कधी शाळेत सोडायला आला की गाडीतूनच म्हणतो, "ताय, सोर ना ती शाला. कनाला तरास करून घेतंस?" बाई त्याच्याकडे बघून हसतात, दोन्ही डबे सांभाळत उतरतात आणि दुसऱ्या दिवशी परत शेअर रिक्षाने येतात.

त्यांच्या वर्गात दर सोमवारी बाक सरकतात. मागचे पुढे, पुढचे मध्ये, खिडकीतले भिंतीला. यालाही माझी हरकत नव्हती. पण एका सोमवारी त्यांनी शिक्षकांच्या खोलीतल्या खुर्च्यांनाही तोच नियम लावला. पंख्याखालची खुर्ची अकरा वर्षं माझी होती. अकरा वर्षांत मी तिला माझ्या पाठीचा आकार दिला होता. ती गेली शिपायाला, आणि मी आलो नकाशे ठेवायच्या कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत. तक्रार केली तर बाई म्हणाल्या, "सर, तिथून खोली कशी दिसते ते सांगा ना." आणि थांबल्या. मी सांगितलं की तिथून खोली दिसतच नाही, फक्त आशिया खंड दिसतो. "शिपाई काका अकरा वर्षं तिथेच बसायचे," असं म्हणून बाई तासाला निघून गेल्या.

आणि त्यांची ती 'आजची चूक'. रोज तासाच्या शेवटी दिवसातली सगळ्यात छान चूक निवडायची, ती फळ्यावर रंगीत खडूने लिहायची, भोवती वेलबुट्टी काढायची आणि ज्याने केली त्याच्यासाठी टाळ्या. चूक का झाली हे सगळ्यांनी मिळून शोधायचं. परिणाम असा की सातवी ब मधली मुलं चुकांच्या बाबतीत भलतीच चोखंदळ झाली आहेत. एका मुलाने दोन दिवस अबोला धरला होता, कारण बाईंनी त्याच्या चुकीला 'साधी' म्हटलं होतं. मुख्याध्यापक सावंत सरांच्या एका परिपत्रकात सहामाही परीक्षेची तारीख रविवारची पडली, तेव्हा बाईंनी ते परिपत्रक सूचनाफलकावर लावलं आणि भोवती झेंडूची फुलं काढली. सावंत सर म्हणाले, बाई, काढा हो ते. बाई म्हणाल्या, इतकी सुंदर चूक आहे, सर, राहू दे दोन दिवस.

सावंत सर स्वभावाने भित्रे आणि सज्जन. त्यांच्या बैठकीत एकदा कोणी बोलायचं ते काड्यांवर ठरलं, आणि त्यांचं स्वतःचं नाव शेवटपर्यंत निघालं नाही. चाळीस मिनिटं मुख्याध्यापक आपल्याच बैठकीत हाताची घडी घालून बसले. नंतर मला म्हणाले, "लेले, कोणाला सांगू नका, पण एवढं शांत मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं."

तर असा सगळा कारभार. आता मूळ गोष्टीकडे येतो, जिच्यात माझी वागणूक फारशी चांगली नाही.

सातवी ब मध्ये अथर्व नावाचा मुलगा आहे. हुशार. त्याच्या वडिलांनी त्याला मुद्दाम मराठी शाळेत घातलेलं. राहायला नव्या टॉवरांच्या वसाहतीत, नोकरी घोडबंदर रोडला कुठल्याशा मोठ्या ऑफिसात. माणूस वाईट नाही, पण आयुष्याचा बराच भाग गाडीत अडकून गेल्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट थांबलेली सहन होत नाही. सहावीत अथर्व दिवसातून वीस-वीस उत्तरं द्यायचा. सातवीत तो हात मांडीखाली दाबून बसायला शिकला. वडिलांनी तक्ता केला. जूनपासून दिवाळीपर्यंत मुलाला किती वेळा प्रश्न विचारला, तारीखवार. तो तक्ता घेऊन ते सावंत सरांना भेटले. मग आणखी चार-पाच पालकांना घेऊन भेटले. म्हणणं एकच: सातवी ब मढवी बाईंकडून काढून लेले सरांकडे द्या.

सावंत सरांनी मला बोलावलं आणि दार लावून विचारलं, घेणार का. मी म्हणालो, शाळेचा निर्णय असेल तर माझी ना नाही. हे वाक्य मी अगदी निरिच्छ चेहऱ्याने म्हटलं. खरं सांगायचं तर मला ती तुकडी दोन वर्षांपासून हवी होती. अथर्वसारखी चार-पाच मुलं तिच्यात होती, शिकवायला मजा आली असती. बाईंकडे मग सातवी क आणि ग्रंथालय. सावंत सरांनी ठरवलं की शनिवारी पालकसभा घ्यायची आणि पालक म्हणतील तसं करायचं. बाईंना त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. बाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि एवढंच विचारलं, "सभा मी घेऊ का?"

सभा काड्यांवर होणार हे उघड होतं. बाईंचा एक नियम आहे: जो काडी काढणार त्याने नावं लिहायची नाहीत. म्हणून शुक्रवारी त्यांनी पालकांची यादी आणि अडतीस कोऱ्या काड्या माझ्या हातात ठेवल्या. ज्याला आपली तुकडी जाणार आहे त्याच्याच हातात. मला वाटलं, बाई भोळ्या आहेत.

मी लिहायला बसलो. पाच-सात नावं झाल्यावर एक नाव आलं, पूनमच्या आईचं. पूनम म्हणजे वर्गातली अगदी गप्प मुलगी. जूनमध्ये पहिल्यांदा तिची काडी निघाली तेव्हा बाईंनी सात मोजले, पूनमने मान खाली घातली, बाई म्हणाल्या, "मी परत येते हां तुझ्याकडे," आणि तास संपता संपता खरोखर परत आल्या. पूनम तेव्हाही गप्प. असं कितीतरी आठवडे. पुढे ती एकेक शब्द बोलायला लागली, असं बाई सांगायच्या. तिची आई एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला. सभेला आली की दाराजवळ बसते आणि सही करून जाते. ही बाई चाळीस लोकांसमोर काय बोलणार? मी तिची काडी लिहिली नाही. मग पुढचंही एक नाव असंच सोडलं, एका वॉचमनचं, ज्यांना मराठी धड येत नाही. मग एका आजोबांचं. अशी अकरा नावं झाली. त्यांना उगाच अवघडून टाकायला नको, असं मी स्वतःला सांगत होतो आणि ते मला पटतही होतं. बोलणारे तेवढे डब्यात राहिले, तर सभेचा निकाल माझ्या बाजूने लागेल हेही मला कळत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. कोऱ्या अकरा काड्या मी शनिवारी सकाळी निघताना खिशात घातल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर सभा भरली. पालक मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. बाईंनी डबा उचलला, खुळखुळवला, कानाशी नेला आणि म्हणाल्या, "पैलवान आज उपाशी वाटतोय." मी छताकडे बघितलं.

अथर्वच्या बाबांनी लॅपटॉप जोडून ठेवला होता. त्यांच्याकडे बारा स्लाइडी होत्या. पण पहिली काडी निघाली दुसऱ्याच कोणाची, दुसरी तिसऱ्याची. लोक आधी हसत होते, मग हळूहळू बोलायला लागले. पैलवानाविरुद्ध बरेच जण बोलले. मुलं मागे पडतील, स्कॉलरशिपचं काय, स्पर्धेचं जग आहे. मला बरं वाटत होतं. अथर्वच्या बाबांचं नाव आठवं निघालं. ते ताडकन उठले, चार स्लाइडी दाखवल्या, तक्ता दाखवला. बाईंनी तो नीट वाचला, त्यांच्या चिकाटीचं कौतुक केलं आणि मग विचारलं, "अथर्व घरी काय म्हणतो?"

आणि थांबल्या.

अथर्वचे बाबा म्हणाले, "तो काय म्हणणार, लहान आहे तो." बाई थांबलेल्याच. वर्गात पंख्याचा आवाज. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तसं तो म्हणतो की मजा येते," ते म्हणाले. "दुसरे कसा विचार करतात ते ऐकायला मजा येते म्हणतो. पण त्याला काय कळतंय, मॅडम." एवढं बोलून ते खाली बसले आणि आपण आत्ता काय बोललो याचा विचार करत राहिले. उरलेल्या आठ स्लाइडी तशाच राहिल्या.

सत्ताविसावी काडी झाली. डबा रिकामा. सावंत सर आभार मानायला उठले. लोकांनी पिशव्या उचलल्या. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

"बाई, माझं नाव राहिलं का?"

पूनमची आई उभी होती. हातात रुमाल घट्ट धरलेला. ती म्हणाली की तिने अर्धा दिवस सुट्टी टाकली आहे, आणि काय बोलायचं ते तीन दिवस घरी पूनमसमोर म्हणून बघितलं आहे. डब्यात नाव असतं असं पूनमने सांगितलं होतं. मग तिच्या मागचे आजोबा म्हणाले की माझंही नाही आलं. वॉचमननी हात अर्धा वर केला आणि परत खाली घेतला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या शर्टाच्या खिशातून अकरा काड्या वर डोकावत होत्या. सकाळपासून. हे मला तेव्हा कळलं. आता ही बाई सगळ्यांसमोर मला विचारणार आणि सात मोजणार, आणि मी सगळं ओकून टाकणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

बाई पालकांकडे वळून म्हणाल्या, "माझी गडबड झाली. सरांकडे आहेत बाकीच्या काड्या. लिहितो आम्ही." आणि माझ्यासमोर पेन धरलं.

मी अकरा नावं लिहिली. माझ्या अक्षराची एरवी शाळेत तारीफ होते. त्या दिवशीचं अक्षर पहिलीतल्या मुलाचं होतं. काड्या डब्यात पडल्या, बाईंनी डबा हलवला आणि मला वाटलं, आता सरळ पूनमच्या आईला बोलू देतील. पण नाही. बाईंनी डोळे मिटले आणि काडी काढली. आजोबांची निघाली. पूनमची आई खाली बसली, अगदी समाधानाने. तिला पुढे जायचंच नव्हतं, तिला डब्यात असायचं होतं. घाईत असलेल्या कोणीही, अथर्वच्या बाबांनीसुद्धा, उठायचं नाव काढलं नाही. वॉचमन हिंदीत बोलले आणि बाईंनी त्यांना हिंदीतच पुढे विचारलं. नऊ काड्या झाल्यावर पूनमच्या आईचं नाव आलं.

तीन दिवस पाठ केलेलं ती सगळं विसरली होती. तिने तसं सांगितलं. बाई थांबल्या, आणि मग सगळा वर्गच थांबला.

"पूनम वर्गात किती बोलते मला माहीत नाही," ती म्हणाली. "घरी मी कामावरून आले की ती विचारते, आई, आज काय झालं? आणि मग गप बसून राहते. मी काय नाय म्हटलं तरी उठत नाही. मग मी सांगते. सुपरवायझर काय बोलला, बोट कसं कापलं, सगळं. चौदा वर्षं कामाला जाते मी. मला असं कोणी विचारलेलं नव्हतं." रुमालाची घडी घालत ती म्हणाली, "तेवढंच. अजून काय बोलायचं होतं ते नाय आठवत."

सभा संपली. सावंत सर मला व्हरांड्यात घेऊन गेले. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. म्हणाले, पालक निम्मे इकडे निम्मे तिकडे, आता मी काय करू? मग त्यांनी नेहमीप्रमाणे गळ्यातली जबाबदारी काढून दुसऱ्याच्या गळ्यात घातली. "लेले, तुम्ही सांगा. घेता का सातवी ब? दहा मिनिटांत येऊन सांगा. तुम्ही म्हणाल ते कागदावर करतो."

मी वर्गात परत गेलो. बाई एकट्याच होत्या. काड्या टेबलावर पसरून गठ्ठे बांधत होत्या. मी सगळं कबूल केलं. नावं मीच गाळली, विसरून नाही, मुद्दाम. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, असं म्हणालो. ते अर्धंच खरं होतं म्हणून उरलेलं अर्धंही सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. रबरबँड बोटांत फिरवत म्हणाल्या, "आमच्या बाई पण चांगल्या होत्या, सर. शाळेत मी गावची पोर. तोंडातून शाला, पानी असंच यायचं, आणि वर्ग हसायचा. म्हणून बाई मला विचारायच्याच नाहीत. पाचवी ते दहावी. मारलं नाही कधी, टाकून बोलल्या नाहीत. फक्त विचारलं नाही. मी रोज सगळं करून जायचे. गृहपाठ, पाढे, प्रमेय. रोज वाटायचं, आज विचारतील."

बाईच पुढे म्हणाल्या, की घरीही तसंच होत गेलं. भाऊ जीव लावतात, काही कमी पडू देत नाहीत. जमिनीच्या व्यवहाराच्या वेळीसुद्धा सगळं त्यांनीच केलं, ताईला त्रास नको म्हणून. बाईंना फक्त सही कुठे करायची तेवढी जागा दाखवली. हे त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. कागदाचा रंग कसा होता तेही त्यांनी सांगितलं, हिरवट.

मला माझी लाज वाटली. त्या काड्यांची तर वाटलीच, पण आणखी एका गोष्टीची जास्त. या सभेत अडतीस लोक बोलले. अथर्वचे बाबा बोलले, वॉचमन बोलले, मी मनातल्या मनात सतत बोलत होतो. तुकडी बाईंची होती, जाणार होती बाईंकडून, आणि त्यांना काय वाटतं हे सावंत सरांनी विचारलं नव्हतं, पालकांनी नव्हतं, मीही नव्हतं. चार वर्षं त्या रोज सकाळी मला कसे आहात म्हणून विचारत आल्या. मी त्यांना उलटून एकदाही विचारलेलं मला आठवेना.

"बाई," मी म्हणालो, "तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी दचकून वर बघितलं. काहीतरी ठरलेलं बोलायला तोंड उघडलं, बहुतेक शाळेचा निर्णय वगैरे, आणि मिटलं. मी उभाच राहिलो. माझ्यासारख्या माणसाला हे फार अवघड जातं. मध्ये दोनदा मला त्यांचं उत्तर त्यांच्या वतीने देऊन टाकावंसं वाटलं, जीभ दाताखाली धरली. बाईंनी काड्यांचा गठ्ठा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. बाहेर शिपाई काकांनी एकेक वर्ग बंद करत आणला होता. ते आमच्या दाराशी आले, आत बघितलं आणि किल्ल्या न वाजवता परत गेले.

बराच वेळ गेल्यावर बाई बोलल्या, शाळेत त्या कधीच बोलत नाहीत त्या घरच्या भाषेत.

"मना माजी पोरं पायजेत, सर."

आणि मग त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्या चार वर्षांत मला पहिल्यांदाच लहान वाटल्या. उभं राहून उत्तर दिल्यावर मूल बघतं, बरोबर आलं की चुकलं ते कळेपर्यंत, तशा त्या बघत होत्या.

"बरोबर आहे, बाई," मी म्हणालो, आणि सावंत सरांना सांगायला गेलो.